लष्कर आणि अरण्य : ग्वाल्हेरच्या इतिहासाची एक उपेक्षित बाजू

ग्वाल्हेरविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात दोन स्थळे ठळकपणे पुढे येतात. एक किल्ला आणि दुसरे दरबार. किल्ल्याबरोबर मानसिंग तोमर, महादजी शिंदे आणि १८५८ चा रणसंग्राम येतो. दरबाराबरोबर ख्यालगायकी, भा. रा. तांबे यांचे राजकविपद आणि सरदारांच्या वाड्यांतील मराठी रीतिरिवाज येतात. या दोहोंचे महत्त्व कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या नगरात मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्या नांदल्या त्या नगराला तिसरीही एक बाजू आहे, आणि ती म्हणजे त्याच्या सभोवारचे अरण्य. उत्तरेस चंबळेच्या घळी, नैऋत्येस कूनोचे खोरे, दक्षिणेस शिवपुरी व नरवरची राने, अशा तीन बाजूंनी या नगराला रानाचा वेढा आहे. नगराने या रानाचा उपयोग कसकसा केला, त्याची किंमत कोणी दिली, आणि या सर्वाची नोंद आपण का ठेवली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम भूमीचा विचार करू. ग्वाल्हेरचा किल्ला ज्या वालुकाश्माच्या टेकडीवर उभा आहे, त्याच जातीचा दगड दक्षिणेकडे व पश्चिमेकडे पठारांच्या रूपाने पसरलेला आहे. माती पातळ, पाऊस बेताचा आणि उन्हाळा अतिशय कडक असल्यामुळे येथे सह्याद्रीसारखी घनदाट वनश्री नाही. करधई, खैर, धावडा, सालई आणि पळस हे येथील मुख्य वृक्ष. त्यांतील करधई हा या प्रदेशाचा खरा प्रतिनिधी होय. वैशाखात तिची राने करडी, निष्पर्ण आणि मृतवत दिसतात. परंतु हवेत पावसाचा ओलावा आला की सरी पडण्यापूर्वीच तिला पालवी फुटते. परका मनुष्य उन्हाळ्यात हे रान पाहून त्यास उजाड म्हणेल. येथला रहिवासी तसे म्हणणार नाही.

उत्तरेकडील दृश्य अगदी निराळे आहे. चंबळ, कुंवारी, आसन आणि सिंध या नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेली मऊ माती तेथे आहे. पावसाचे पाणी उतारावरून वाहताना तिला चिरत जाते. एका चिरेच्या दहा घळी होतात, आणि पाहता पाहता शेताच्या बांधापर्यंत पोकळी येऊन भिडते. या प्रदेशाला तेथील लोक 'बीहड' म्हणतात. बीहड म्हणजे जंगल नव्हे, ती झिजलेली शेतजमीन आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या कुटुंबाची जमीन दर पिढीत घळीच्या पोटात जाते त्याच्या घरचा कलह आणि सुपीक प्रांतातील कुटुंबाचा कलह यांची जात एक असू शकत नाही.

नगराच्या स्थापनेची कथाही अरण्यातूनच निघते. सूरजसेन नावाचा राजा मृगयेस निघाला असता तहानेने व्याकूळ होऊन या टेकडीवर आला. तेथे ग्वालिपा नामक सिद्धपुरुषाने त्यास कुंडाचे पाणी दिले व त्या पाण्याने त्याचे कुष्ठ बरे झाले, अशी ती आख्यायिका आहे. आख्यायिकेला इतिहास मानण्याचे कारण नाही. तथापि लोकांनी आपल्या नगराचे मूळ सांगताना विजय किंवा वंश न सांगता रानात वाट चुकणे, पाणी आणि उपकार या तीन गोष्टी सांगितल्या, हे लक्षणीय आहे.

२

या प्रदेशातील नगर आणि अरण्य यांच्या शेजाराचे सर्वांत जुने वाङ्मयीन चित्र विदर्भातील एका कवीने काढले आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष आनंददायक वाटेल. विदर्भातील पद्मपूरचा भवभूती आपल्या 'मालतीमाधव' प्रकरणाचे कथानक पद्मावती नगरीत घडवितो. ही पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सिंध व पार्वती यांच्या संगमाजवळचे पवाया गाव होय. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी या स्थळाचा अभ्यास व उत्खनन करून नागवंशाच्या या राजधानीचे स्वरूप उजेडात आणले. म्हणजे वर्णन करणारा वैदर्भीय आणि अवशेष शोधणारा मराठी, असा हा योग आहे.

भवभूतीच्या प्रकरणात अरण्य नुसत्या पार्श्वभूमीपुरते येत नाही. भर नगरात पिंजऱ्यातून सुटलेला वाघ येतो आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या मकरंदाचे व मदयंतिकेचे प्रेम तेथेच जुळते. पाचव्या अंकात नगराबाहेरचे भयंकर स्मशान येते. नवव्या अंकात विरहव्याकूळ माधव नद्यांच्या व डोंगरांच्या प्रदेशात भटकतो. नगराचा शिष्टाचार आणि वेशीबाहेरचे भय यांच्यामधली भिंत किती पातळ आहे हे त्याने ओळखले होते. ही जाण त्याला प्रत्यक्ष दर्शनाने आली की ऐकीव माहितीने, हा प्रश्न विद्वानांनी सोडवावा. नद्यांच्या संगमाचे त्याचे वर्णन मात्र स्थळाशी इतके जुळते की स्थळनिश्चितीचा तो एक प्रमुख आधार ठरला आहे.

याच ठिकाणी दुसऱ्या एका समजाचा परामर्श घेणे इष्ट आहे. हे अरण्य अनादिकालापासून जसेच्या तसे आहे असे सामान्यतः मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. कूनोच्या खोऱ्यात आज निर्जन असलेल्या डोभकुंड येथे जैन मंदिराचे अवशेष आहेत, आणि तेथे कच्छपघात वंशातील विक्रमसिंहाचा १०८८ चा शिलालेख मिळाला आहे. शिवपुरीच्या आसपास सुरवाया व रन्नोद येथे शैव आचार्यांचे दगडी मठ उभे आहेत. जेथे मंदिरे बांधणारे श्रेष्ठी आणि शेकडो शिष्यांचे मठ होते तेथे गावे, शेते आणि बाजार असलेच पाहिजेत. तेव्हा येथील रान पुढे सरकले आहे, मागे हटले आहे, आणि पुन्हा पुढे आले आहे. मनुष्याच्या वस्तीचा आणि रानाचा हा लपंडाव सुमारे हजार वर्षांचा तरी आहे.

मोगल काळात हे रान पुष्कळच दाट होते. १५६१ मध्ये माळव्यातून परतताना नरवरजवळ बछड्यांसह वाट अडविणाऱ्या वाघिणीस अकबराने मारल्याचा प्रसंग 'अकबरनाम्या'त चित्रित झाला आहे. १५६४ मध्ये त्याच नरवरच्या रानात त्याने रानटी हत्तींची शिकार केली. आज त्या भागात रानटी हत्ती नाही. मोगल सैन्यासाठी हत्तींची होणारी धरपकड आणि शेतीचा विस्तार यांपुढे त्यांचा निभाव लागला नाही, असेच अनुमान करावे लागते.

३

आता लष्कराकडे वळू. दौलतराव शिंद्यांची राजधानी पुष्कळ काळ चालती होती. १८०९ मध्ये त्यांच्या छावणीबरोबर राहिलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत त्या फिरत्या नगराचे सविस्तर वर्णन आहे. १८१० मध्ये ही छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि तिलाच 'लष्कर' हे नाव कायमचे चिकटले. राहुट्यांच्या जागी वाडे आले, परंतु भाषेने छावणी सोडली नाही. सरदारांच्या वस्त्यांना आजही 'महाडिक की गोठ', 'चिटणीस की गोठ' असे म्हणतात. ही 'गोठ' म्हणजे जनावरांचा गोठा नव्हे. मराठी बखरी-पत्रांतील 'गोट', अर्थात एका सरदाराच्या पथकाचा तळ, तोच हिंदी उच्चारात असा झाला आहे. कवायती पलटणींना आपल्या पत्रव्यवहारात 'कंपू' म्हणत, तो कंपू आज मोहल्ल्याचे नाव होऊन बसला आहे. तोफखान्याची 'जिनसी', 'शिंद्यांची छावणी', आणि वाड्याचा झालेला 'महाराज बाडा' हीही त्याच कुळातील नावे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर असलेल्या या शब्दांचा संग्रह भाषाभ्यासकांनी अवश्य करावा.

या शब्दांतून नगराची मनोवृत्तीही उमगते. छावणीला सभोवारचा प्रदेश दोनच प्रकारे दिसतो. तेथून वैरण, लाकूड व पाणी मिळते, आणि तेथून शत्रू किंवा लुटारू येतो. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ मध्ये निघून ग्वाल्हेर, झाशीकडे आले, त्यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात दक्षिणेकडील मनुष्याला उत्तरेची वाट कशी दिसत होती ते पाहावयास मिळते. हे पुस्तक चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. गोडसे भटजींच्या दृष्टीने गाव म्हणजे अन्न, आसरा आणि ओळखीचे मराठी घर. दोन गावांमधले अंतर म्हणजे भय. त्या काळच्या प्रवाशाकडून याहून निराळी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. परंतु प्रवास संपून शंभर-दीडशे वर्षे लोटली तरी नगरवासीयांची दृष्टी तीच राहावी, याचे मात्र नवल वाटते.

त्याच धामधुमीत या अरण्याने एका मराठी वीराला शेवटचा आसरा दिला. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले. तीन आठवड्यांच्या आत राणीला स्वर्णरेखेच्या परिसरात वीरमरण आले आणि नगर पुन्हा इंग्रजांच्या हाती पडले. येवल्याचे तात्या मात्र निसटले. राजपुताना, माळवा, नर्मदापार आणि पुन्हा उत्तर असे दहा महिने त्यांनी अनेक इंग्रज तुकड्यांना हुलकावणी दिली. शेवटी सिप्रीजवळच्या पाडोनच्या जंगलात ते नरवरच्या मानसिंगाच्या आश्रयास राहिले. मानसिंगाचे शिंदे दरबाराशी जहागिरीवरून वैर होते. तो स्वतःच बंडखोर होता. त्याने प्रथम आपण इंग्रजांच्या स्वाधीन होऊन ७ एप्रिल १८५९ रोजी निद्रिस्त तात्यांना पकडून दिले. १८ एप्रिलला सिप्री, म्हणजे आजची शिवपुरी, येथे त्यांना फाशी देण्यात आले. या दहा महिन्यांत त्यांचा घात घळींनी केला नाही की रानाने केला नाही. घात झाला तो जहागिरीच्या, म्हणजे दरबारी राजकारणाच्या वाटेने झाला.

४

या अरण्याच्या इतिहासात सर्वांत निर्णायक कारकीर्द महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांची होय. कर्तृत्ववान, यंत्रांचे शोकीन आणि अतिशय शिस्तप्रिय अशा या राजाने रानाकडे तीन दृष्टींनी पाहिले; वाहतूक, पाणी आणि शिकार.

राजवाड्याच्या आवारात हौसेने सुरू झालेल्या लहानशा आगगाडीतून ग्वाल्हेर लाइट रेल्वेचा विस्तार झाला. दोन फूट रुंदीचा हा मार्ग भिंड व शिवपुरीकडे गेला, आणि पश्चिमेस सबळगडवरून १९०९ पर्यंत शिवपूर-कलाँपर्यंत पोहोचला. सुमारे २०० किलोमीटरांची ही शिवपूरची वाट रानाच्या कडेकडेने जात असे. चारोळी, डिंक, काथ, लाकूड आणि दगड यांना नगराचा बाजार जवळ आला. २०२० मध्ये या अरुंद मार्गावरील गाड्या बंद झाल्या व रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले. एका शतकाहून अधिक काळ ही गाडी नगर आणि रान यांच्यामधला रोजचा दुवा होती.

पाण्याची कथा अधिक गंभीर आहे. सांक नदीवर तिघरा येथे १९१६ मध्ये धरण पूर्ण झाले. खडकवासल्यास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी प्रथम बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांची योजना येथेही करण्यात आली होती. दुसऱ्याच वर्षी, १९१७ च्या पावसाळ्यात, पायथ्याच्या दगडाने दगा दिला, धरण फुटले आणि खालच्या वस्त्यांत मोठी प्राणहानी झाली. पुढे ते पुन्हा बांधण्यात आले, आणि नगराची तहान आजही मुख्यत्वे तेच भागविते. सूरजसेनाच्या कथेप्रमाणे येथेही पाणी रानाकडूनच आले. फरक इतकाच की या वेळी त्याचे मोल खालच्या गावांनी मोजले.

शिकारीचे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. शिवपुरी ही संस्थानची उन्हाळी राजधानी झाली. मनियर नदी अडवून सख्यासागर हा तलाव करण्यात आला. टेकडीवर जॉर्ज कॅसल उभा राहिला. व्हाइसरॉय आणि राजेरजवाडे वाघाच्या शिकारीसाठी येथे येत. महाराजांनी व्याघ्रमृगयेवर इंग्रजीत एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. या सर्वाचा परिणाम दुहेरी झाला. एका बाजूने शेकडो वाघ मारले गेले; दुसऱ्या बाजूने शिकारीसाठी राखलेली राने कुऱ्हाडीपासून वाचली, आणि आज जे जंगल शिल्लक आहे ते बव्हंशी या राखीव रानांतलेच आहे. शिकारीची हौस ही संरक्षणाची जननी ठरली असे काही लेखक म्हणतात. त्यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. रान राखले गेले ते कोणापासून, हेही विचारले पाहिजे. मोह वेचणारा, डिंक काढणारा आणि सरपण नेणारा मनुष्य त्या रानात अपराधी ठरला. हाक्याच्या दिवशी मात्र त्याच मनुष्याला डबे वाजवीत वाघाच्या पुढे चालावे लागे.

हा मनुष्य म्हणजे मुख्यतः सहरिया. शिवपुरी, शिवपूर-कलाँ, मुरैना व ग्वाल्हेर या जिल्ह्यांतील रानाच्या कडेस राहणारी ही आदिवासी जमात आहे. सालईचा डिंक कोणत्या महिन्यात काढावा, चारोळी किती पिकू द्यावी, करधईचा कोणता कोंब राखावा, याचे ज्ञान तिच्याजवळ आहे. भारत सरकारने तिची गणना अतिमागास आदिम जमातींत केलेली आहे. नगराच्या इतिहासग्रंथांत तिचे नाव क्वचितच येते.

माधवरावांच्या काळातील सर्वांत विलक्षण प्रयोग सिंहांचा होय. मध्य भारतातील सिंह एकोणिसाव्या शतकातच नष्ट होत गेला. गुणाजवळ १८७३ च्या सुमारास मारलेला सिंह हा या भागातील शेवटचा मानतात. गीरचे सिंह मिळेनात, तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणविले, डोभकुंड येथे उंच दगडी आवारांत ठेवले आणि पुढे रानात सोडले. सिंहांनी गुरे मारली, मग माणसेही मारली. त्यांना पुन्हा पकडावे लागले; पुन्हा सोडण्याचा प्रयत्नही फसला, आणि काही वर्षांत एकही सिंह उरला नाही. ज्यांच्या गुरांवर आणि मुलाबाळांवर हे संकट आले त्यांची संमती विचारण्याची कल्पना त्या काळी कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते.

५

संस्थाने विलीन झाली. १९४८ मध्ये मध्य भारत आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश अस्तित्वात आला. त्या संक्रमणकाळात नगराच्या दृष्टीने अरण्य म्हणजे डाकू असे समीकरण होऊन बसले. मानसिंग १९५५ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग याने फाशीच्या कोठडीतून विनोबांना पत्र पाठविले, आणि मे १९६० मध्ये विनोबा भावे पायी या घळींत आले. गागोद्याच्या या मराठी संताने पोलिसांचा पहारा न घेता गावोगाव सभा घेतल्या, आणि वीस जणांनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. त्यावर टीकाही झाली. परंतु बारा वर्षांनी, एप्रिल १९७२ मध्ये, जौरा येथील आश्रमात जयप्रकाश नारायण यांच्यापुढे मोहरसिंग, माधोसिंग आदी शेकडो लोकांनी शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा १९६० च्या प्रयोगाचे बीज व्यर्थ गेले नाही असे दिसून आले.

विनोबांच्या त्या यात्रेत आमच्या मते एक ऐतिहासिक महत्त्वाचा विचार होता. हा प्रश्न त्यांनी मातीचा आणि न्यायाचा मानला, जंगलाचा किंवा रक्ताचा मानला नाही. जमिनीचे तंटे, भाऊबंदकी, अन्याय झाल्यावर दाद न मिळणे, आणि पायाखालची शेते दरवर्षी खचणे, ही त्याची मुळे होती. पुढे १९८० च्या दशकात विमानातून विलायती बाभळीचे बी टाकून घळी झाकण्याचा उपाय करण्यात आला. झाडोरा वाढला, परंतु गवत आणि देशी झुडपे मागे हटली. भूमीची जखम दुरून बुजवू पाहण्याची ही रीत माणसांच्या प्रश्नांतही आपण कित्येकदा अवलंबितो.

६

शिकारीचे रान अखेर अभयारण्य झाले. १९५० च्या दशकात शिवपुरीचे राखीव जंगल राष्ट्रीय उद्यान झाले व त्यास माधवरावांचे नाव मिळाले. येथील वाघ पुढे नाहीसे झाले होते. २०२३ मध्ये ते पुन्हा आणण्यात आले आणि २०२५ मध्ये हे उद्यान व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. चंबळेवर १९७० च्या दशकाअखेर तीन राज्यांचे मिळून सुसरींसाठी अभयारण्य झाले. त्या वेळी देशातील सुसरींची संख्या काही शेकड्यांवरही नव्हती. नदीकाठची अंडी मुरैनाजवळ देवरी येथे उबवून पिले नदीत सोडण्याचे काम अनेक वर्षे चालले, आणि आज सुसरींची सर्वांत मोठी संख्या चंबळेतच आहे. डाकूंच्या भयामुळे ओस पडलेल्या काठांचा या जलचरांना लाभ झाला. आता भय आहे ते वाळू उपसणाऱ्यांचे; कारण ज्या वाळूत सुसर अंडी घालते तीच वाळू नगरातील इमारतींना लागते.

दुसरे उदाहरण अपयशाचे आहे, आणि सोलापूरच्या नान्नज अभयारण्यामुळे मराठी वाचकांना ते चटकन समजेल. तेथील माळढोक पक्षी येथे 'सोनचिरैया' या नावाने ओळखला जातो. त्याच्यासाठी १९८१ मध्ये ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगाव आणि शिवपुरी जिल्ह्यात करेरा अशी दोन अभयारण्ये झाली. करेराच्या क्षेत्रात तीसहून अधिक गावांच्या खाजगी जमिनी होत्या, आणि अभयारण्य होताच त्यांची खरेदीविक्री बंद पडली. मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी शेत विकता येईना. तेव्हा शेतकऱ्याला पक्षी हाच शत्रू वाटू लागला. काही वर्षांत माळढोक दिसेनासा झाला, निर्बंध मात्र राहिले, आणि अखेर ते अभयारण्यच रद्द करावे लागले. घाटीगावलाही हा पक्षी उरला नाही. ज्याच्या शेतात पक्षी अंडे घालतो त्याला शत्रू करून पक्षी वाचविता येत नाही, हा करेराचा धडा आहे.

कूनोची कथा या सर्वांचा कळस होय. १९८१ मध्ये तेथे अभयारण्य झाले. गीरच्या सिंहांना दुसरे घर हवे म्हणून पुढे या खोऱ्याची निवड झाली, आणि १९९८ ते २००३ या काळात २४ गावे, म्हणजे सुमारे दीड हजार कुटुंबे, रानाबाहेर हलविण्यात आली. त्यांत बहुसंख्य सहरिया होते. त्यांना जमिनी मिळाल्या, परंतु दगडाळ माळ, पाण्याची ओढ आणि डिंकाच्या झाडांपासून झालेली ताटातूट यांनी पुष्कळांचे जीवन कठीण झाले. जे कधी पूर्णतः शेतीवर जगले नव्हते त्यांना एका हुकमाने शेतकरी व्हावे लागले. सिंह मात्र आले नाहीत. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंहांच्या स्थलांतराचा आदेश दिला, तरीही आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मात्र आले. त्यांपैकी काही दगावले, काहींना पिले झाली. प्रयोगाचा अंतिम निर्णय काळ देईल. परंतु ज्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेतील सिंह आणून सोडले होते त्याच खोऱ्यात हा दुसरा प्रयोग चालू आहे. माधवरावांच्या काळाहून आजचे प्राणिशास्त्र पुष्कळ प्रगत आहे. सहरियांच्या बाजूने पाहता मात्र फार अंतर पडलेले दिसत नाही. रानात कोण राहावे याचा निर्णय दोन्ही वेळा रानाबाहेरच झाला.

७

येथवरच्या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की ग्वाल्हेरच्या भोवतीचे अरण्य आणि नगर हे परस्परांचे विरोधी नसून एकाच इतिहासाची दोन अंगे आहेत. दुसरा असा की प्रत्येक कालखंडात नगराने अरण्याला एक नवे नाव दिले. मोगलांनी हत्तींची खाण, छावणीने भय, संस्थानाने शिकारगाह, पोलिसांनी बीहड आणि आजच्या राज्यकर्त्यांनी अभयारण्य. नाव बदलले की नियम बदलले आणि नियम बदलले की रानातल्या माणसाचे दैव बदलले. तिसरा निष्कर्ष आम्हा मराठी लोकांपुरता आहे. या सर्व घडामोडींत आम्ही केवळ प्रेक्षक नव्हतो. दरबार आमचा होता, कारभारी, अभियंते आणि पुरातत्त्वज्ञ यांत आमचे लोक होते. सत्तेतील वाटा अभिमानाने सांगावयाचा आणि जबाबदारीतील वाटा सांगावयाचा नाही, हे इतिहासाशी प्रामाणिक राहणे नव्हे.

आनंदराव भाऊ फाळके यांनी 'शिंदेशाही इतिहासाची साधने' प्रसिद्ध करून ग्वाल्हेरच्या राजकीय इतिहासाचा पाया घातला. अरण्याच्या इतिहासालाही अशाच साधनसंग्राहकाची आवश्यकता आहे. जुन्या सरदार घराण्यांच्या दप्तरांत शिकारीचे खर्च, हाक्याच्या मजुरीचे हिशेब, जंगलखात्याची पत्रे, मोडीतील नोंदी जेथे कोठे शिल्लक असतील तेथून त्यांच्या प्रती करून घ्याव्यात. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. हे काम लांबणीवर टाकले तर ते करण्याची वेळच निघून जाईल. दुसरे काम शिक्षकबंधू-भगिनींचे आहे. कूनोतून उठून आलेल्या गावांत आज अशी वृद्ध माणसे आहेत ज्यांना जुन्या गावाची वेस, देवाची जागा आणि सालईची झाडे नावानिशी आठवतात. त्यांच्याजवळ लेखी साधन नाही. त्यांची आठवण हेच साधन. त्यांची बोली, गाण्यांतील ऋतू, झाडांची नावे आणि उठावणीची हकीकत त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावी, आणि टिपलेले त्यांना वाचून दाखवावे.

या कामास फार मोठा निधी लागणार नाही. दोन-चार वह्या, सुट्टीतील काही दिवस आणि ऐकून घेण्याची तयारी इतके पुरे. पवायाच्या संगमावर भवभूतीची नगरी शोधून काढणाऱ्यांची परंपरा आपली आहे. त्याच नद्यांच्या काठी आज राहणाऱ्या आणि कालपर्यंत राहिलेल्या माणसांचा शोध घेणे हे त्या परंपरेचेच पुढचे पाऊल होईल. अकादमीच्या पुढील वार्षिक सभेत या विषयासाठी एक छोटी समिती नेमली जावी, अशी आमची सूचना आहे. सदस्यांनी तिचा विचार करावा.